केंद्रीय अर्थसंकल्प कसा तयार होतो, कसा मांडला जातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीच्या शेवटी प्रश्न यायला लागतात. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, ग्रामपंचायत सदस्य विचारतात, पगारदार विचारतात, आणि परदेशात राहून इथे पैसे गुंतवणारेही विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकड्यांची उदाहरणं मुख्यतः २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुढे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अर्थसंकल्प म्हणजे नेमकं काय? संविधानात त्याबद्दल काय लिहिलंय?

संविधानात ‘बजेट’ हा शब्दच नाही. अनुच्छेद ११२ मध्ये ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ म्हटलं आहे: येत्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, सरकारकडे किती पैसा येईल आणि किती जाईल याचा अंदाज. ते संसदेसमोर ठेवणं बंधनकारक आहे. त्यामागची तत्त्वं दोन. कायद्याशिवाय कर घेता येत नाही (अनुच्छेद २६५), आणि संसदेच्या मंजुरीशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यातून, पैसा काढता येत नाही (अनुच्छेद २६६). सरकारला पैसे घेण्यासाठीही विचारावं लागतं आणि खर्चण्यासाठीही. बाकी सगळी प्रक्रिया या दोन गोष्टींतून निघते.

२. तो तयार कोण करतं? अर्थमंत्री एकटे ठरवतात का?

नाही. अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात एक अर्थसंकल्प विभाग आहे. तो साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्या मंत्रालयांना परिपत्रक पाठवतो: यंदा आतापर्यंत किती खर्च झाला, मार्चपर्यंत किती होईल, पुढच्या वर्षी किती हवेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्यय सचिवांसमोर प्रत्येक मंत्रालयाची बैठक होते. खरी ओढाताण इथे चालते. खर्चाचा वेग मंद असलेल्या मंत्रालयाची पुढची मागणी इथेच कापली जाते.

करांचं काम महसूल विभागाकडे समांतर चालू असतं. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अर्थमंत्री शेतकरी संघटना, उद्योग, कामगार संघटना, अर्थतज्ज्ञ यांना भेटतात, तोवर खर्चाचे बहुतेक आकडे आकाराला आलेले असतात. तुमच्या संघटनेला निवेदन द्यायचं असेल तर जानेवारीची वाट पाहू नका. संबंधित मंत्रालयाकडे सप्टेंबरपर्यंत पोहोचलेल्या कागदाचा उपयोग जास्त होतो.

३. १ फेब्रुवारी हीच तारीख का?

२०१६ पर्यंत अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी येई. मंजुरी पूर्ण व्हायला मे उजाडायचा, तोवर दोन महिन्यांचं लेखानुदान (प्रश्न १२) घेऊन काम चालवावं लागे. पूर्ण पैसा खात्यांच्या हाती येईपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असे, आणि रस्ते-बंधाऱ्यांच्या कामाचा हंगाम गेलेला असे. २०१७ पासून तारीख अलीकडे आणली, त्यामुळे ३१ मार्चपूर्वी मंजुरी होते. माझ्या मते प्रक्रियेतल्या अलीकडच्या बदलांतला हा सगळ्यात उपयोगी. सुट्टी असली तरी तारीख पाळली जाते, २०२५ साली तो शनिवार होता.

वेळही बदलली आहे. इंग्रजांच्या काळापासून अर्थसंकल्प संध्याकाळी ५ वाजता मांडला जायचा. १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी तो सकाळी ११ वाजता मांडला.

४. हलव्याचा समारंभ कशासाठी? आणि इतकी गुप्तता का?

हलवा वाटला की अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांवर काम करणारे अधिकारी-कर्मचारी भाषण होईपर्यंत आतच राहतात. घरी जाणं नाही, फोन नाही. करबदल आधी कळले तर साठेबाजी होऊ शकते, शेअर बाजारात कुणी पैसे करू शकतं, म्हणून ही खबरदारी. १९५० मध्ये खरोखरच काही भाग फुटला होता. तेव्हा छपाई राष्ट्रपती भवनात होत असे. ती मिंटो रोडच्या छापखान्यात नेली, आणि १९८० पासून नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. २०२१ पासून कागदी प्रतींची मोठी छपाई थांबली आणि सगळे दस्तऐवज डिजिटल मिळतात. समारंभ मात्र टिकला आहे.

५. भाषण ऐकलं म्हणजे अर्थसंकल्प कळला, असं म्हणता येईल का?

नाही, आणि हे मी दरवर्षी कळकळीने सांगतो. भाषणाचे दोन भाग असतात: ‘भाग अ’ मध्ये अर्थव्यवस्था आणि योजना, ‘भाग ब’ मध्ये कर. योजनेचं नाव भाषणात आलं म्हणून तिला पैसा मिळालाच असं नाही, आणि नाव आलं नाही म्हणून ती बंद झाली असंही नाही. पैसा कुठे आहे ते ‘अनुदानाच्या मागण्या’ आणि ‘व्यय अर्थसंकल्प’ या दस्तऐवजांत असतं. करांची खरी भाषा ‘वित्त विधेयका’त असते. ते वाचायला अवघड वाटलं तर सोबतचं स्पष्टीकरणात्मक निवेदन वाचा, कलमवार काय बदललं ते त्यात साध्या शब्दांत दिलेलं असतं. भाषण संपल्यावर हे सगळं अर्थसंकल्पाच्या सरकारी संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत फुकट मिळतं.

६. तक्त्यात एकाच योजनेपुढे चार-चार आकडे असतात. कुठला धरायचा?

चारही. अर्थसंकल्प वाचण्याची सगळी किल्ली यातच आहे, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

२०२५-२६ च्या व्यय अर्थसंकल्पात पेयजल व स्वच्छता विभागाचं पान उघडा आणि जल जीवन मिशनच्या ओळीवर बोट ठेवा. पहिला रकाना २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च: सुमारे ७० हजार कोटी रुपये. दुसरा २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे आदल्या वर्षी जाहीर झालेली तरतूद: ७०,१६३ कोटी. तिसरा त्याच वर्षाचा सुधारित अंदाज: २२,६९४ कोटी. चौथा २०२५-२६ ची नवी तरतूद: ६७,००० कोटी.

आता बोट मागे न्या. दुसऱ्या रकान्यातले सत्तर हजार तिसऱ्या रकान्यात येईपर्यंत बावीस हजारांवर आले. जाहीर रकमेच्या एक तृतीयांशही खर्च होणार नाही, हे सरकारनेच कागदावर मांडलं आहे. या ओळीवरून एक बातमी ‘पाणी योजनेची तरतूद घटली’ अशी देता येते (७०,१६३ वरून ६७,०००) आणि दुसरी ‘जवळपास तिप्पट वाढ’ अशी (२२,६९४ वरून ६७,०००). दोन्ही आकड्यांनी बरोबर आहेत. गावात नळ बसला पण पाणी आलं नाही, कंत्राटदाराचं बिल थकलं, अशी तक्रार कुणी करत असेल तर त्याने पहिल्यांदा तिसरा रकाना पाहावा.

तुमच्या जिव्हाळ्याची कुठलीही योजना घ्या, शिष्यवृत्ती, रोजगार हमी, पीक विमा, आणि हेच करा. दहा मिनिटांचं काम आहे.

७. ‘रुपया असा जातो’ या चित्रात व्याजावर २० पैसे दाखवतात. मग चौथा हिस्सा व्याजात जातो असं काही जण का म्हणतात?

दोघंही बरोबर आहेत, छेद वेगळा आहे. २०२५-२६ मध्ये केंद्राचा अंदाजित खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याज १२.७६ लाख कोटी. म्हणजे साधारण २५ टक्के. रुपयाच्या चित्रात मात्र राज्यांना द्यायचा करांतला वाटाही धरतात, तो १४.२२ लाख कोटी. हा पैसा केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींत नसतोच, तो आधीच वेगळा काढलेला असतो. तो मिळवला की एकूण बेरीज सुमारे ६५ लाख कोटी होते आणि व्याजाचा वाटा २० पैशांवर येतो. ‘रुपया असा येतो’ मधले कर्जाचे २४ पैसेही असेच मोठ्या बेरजेवर काढलेले आहेत.

८. वित्तीय तूट म्हणजे तोटा का?

तोटा नव्हे, कर्जाची गरज. ५०.६५ लाख कोटी खर्च, कर्ज सोडून जमा ३४.९६ लाख कोटी, फरक १५.६९ लाख कोटी. तेवढं कर्ज काढावं लागतं. हे देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.४ टक्के. कर्ज काढून रेल्वेमार्ग बांधला तर पुढे काहीतरी हाती राहतं. पगार-व्याज भागवायला काढलं तर राहत नाही. म्हणून वित्तीय तुटीसोबत महसुली तुटीचा आकडाही पाहावा. रोजच्या खर्चातला किती भाग उसनवारीवर चालतो ते त्यात कळतं.

९. महाराष्ट्राला काय मिळालं? गोव्याला? भाषणात तर नावही आलं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि भाषणात नाव शोधून त्याचं उत्तर मिळत नाही. केंद्राकडून राज्यात पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो: करांतला वाटा, वित्त आयोगाची अनुदानं, केंद्र पुरस्कृत योजना, आणि रेल्वे-महामार्गांसारखी केंद्राची स्वतःची कामं.

करांतला वाटा मंत्र्यांच्या मर्जीवर नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना ठरवले. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, गोव्याचा ०.३८६ टक्के. २०२५-२६ च्या १४.२२ लाख कोटींत महाराष्ट्राचे जवळपास ९० हजार कोटी होतात.

इथे एक मेख आहे. उपकर आणि अधिभार वाटपयोग्य करांत धरले जात नाहीत. त्यामुळे त्या वर्षीच्या ४२.७० लाख कोटींच्या ढोबळ करवसुलीत राज्यांचा वाटा ४१ टक्के नव्हे, एक तृतीयांशाच्या आसपास भरतो. नवा उपकर जाहीर झाला की राज्यांचे अर्थमंत्री नाराज होतात ते यामुळे, आणि ती नाराजी रास्त आहे.

राज्याचा स्वतःचा अर्थसंकल्प निराळा. तो अनुच्छेद २०२ प्रमाणे विधिमंडळात मांडला जातो.

१०. भाषणानंतर संसदेत काय होतं? मंजुरी कशी मिळते?

आधी सर्वसाधारण चर्चा. मग अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते, त्या काळात विभागांशी संबंधित स्थायी समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात. या समित्या १९९३ पासून आहेत. पक्षभेद बाजूला ठेवून, सचिवांना समोर बसवून तिथे प्रश्न विचारले जातात. समित्यांचे अहवाल वाचावेत असे असतात. प्रश्न ६ मधल्या रकान्यांची कारणं बहुतेक वेळा त्यांत सापडतात.

मार्चमध्ये लोकसभा मागण्यांवर मतदान घेते. मागण्या शंभराच्या आसपास, प्रत्यक्ष चर्चा होते मोजक्या मंत्रालयांवर. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, याला ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये गदारोळामुळे एकाही मागणीवर चर्चा न होता सगळ्या मंजूर झाल्या. लाखो कोटींचा खर्च असा संमत व्हावा याचं मला मनापासून दुःख आहे, दोष कुठल्याही बाजूचा असो.

मागण्यांनंतर विनियोजन विधेयक येतं, त्याने पैसा काढण्याचा अधिकार मिळतो. वित्त विधेयकाने करांना कायद्याचं बळ मिळतं.

व्याज, न्यायाधीशांचे पगार, राष्ट्रपतींचा खर्च असा ‘भारित’ खर्च मताला टाकतच नाहीत. त्यावर चर्चा होऊ शकते. म्हणजे व्याजाचे १२.७६ लाख कोटी मतदानाच्या बाहेर आहेत.

११. आमचे खासदार एखाद्या योजनेची तरतूद वाढवून घेऊ शकतात का? राज्यसभा काय करते?

वाढवायची सूचना खासदाराला मांडता येत नाही, खर्चाचा प्रस्ताव सरकारकडूनच यावा लागतो. कमी करायची सूचना लोकसभेत मांडता येते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कापा. सरकारकडे बहुमत असल्याने कपात सूचना सहसा फेटाळली जाते, पण प्रश्न सभागृहाच्या नोंदीत येतो. कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वास समजला जातो.

राज्यसभेला मागण्यांवर मत नाही. धन विधेयक (विनियोजन आणि वित्त विधेयकं सहसा याच प्रकारची असतात) तिला १४ दिवसांत परत करावं लागतं, शिफारशी करता येतात, त्या मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही.

१२. अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान एकच ना?

नाही. लेखानुदान म्हणजे पूर्ण मंजुरी होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चाची परवानगी (अनुच्छेद ११६). त्यात करांचा विषय नसतो. अंतरिम अर्थसंकल्पात जमा-खर्चाचे सगळे अंदाज असतात, आणि त्यासोबत लेखानुदान घेतलं जातं. निवडणुकीच्या वर्षी तो येतो. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला.

अंतरिममध्ये मोठे करबदल करू नयेत हा संकेत आहे, कायदा नाही. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सवलत जाहीर झाली, तेव्हा तो संकेत बाजूला राहिला.

१३. कर जाहीर झाला की लगेच लागू होतो का?

कराच्या प्रकारावर आहे. सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क बहुधा मध्यरात्रीपासून लागू होतात, विधेयक मंजूर व्हायच्या आधीच. त्यासाठी तात्पुरत्या करवसुलीचा वेगळा कायदा आहे. १९३१ चा कायदा जाऊन २०२३ चा आला, आणि ही तात्पुरती सोय ७५ दिवसच चालते. २३ जुलै २०२४ ला सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि ते दुसऱ्या दिवसापासून लागू झालं. आदल्या आठवड्यात लग्नासाठी दागिने घेतलेल्यांचे हळहळीचे निरोप मला अजून आठवतात.

प्राप्तिकराचे बदल साधारणतः १ एप्रिलपासूनच्या उत्पन्नाला. पण अपवाद आहेत. त्याच दिवशी दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के झाला, आणि तो २३ जुलैपासूनच्या विक्रीला लागू केला. त्यामुळे एकाच वर्षात दोन दर आले. परदेशातून गुंतवणूक करणाऱ्यांनी शेअर विकल्याची तारीख नीट पाहावी.

१४. सरकार मागच्या तारखेपासूनही कर लावू शकतं?

दिवाणी कर कायद्यात संसद तसं करू शकते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्होडाफोन या मोबाइल कंपनीने कराचा खटला जिंकल्यावर वित्त कायद्याने मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये कायदा करून सरकारने ही मागच्या व्यवहारांवरची करमागणी सोडून दिली.

१५. जीएसटी आणि पेट्रोलचे दर अर्थसंकल्पात का नसतात?

जीएसटीचे दर जीएसटी परिषद सुचवते, तिच्यात केंद्र आणि राज्यं दोघंही आहेत. परिषद वर्षात केव्हाही बसते. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क अधिसूचनेने कधीही बदलता येतं आणि वर राज्याचा व्हॅट असतो.

१६. वर्षाच्या मध्येच पैसे संपले तर? आणि उरले तर?

संपले तर पुरवणी मागण्या आणाव्या लागतात. संसद चालू नसताना तातडीचं संकट आलं तर आकस्मिकता निधीतून उचल घेता येते. हा निधी २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३०,००० कोटींचा केला. उचल नंतर संसदेच्या मंजुरीने भरून काढतात.

उरले तर ३१ मार्चला तरतूद संपते. खात्यांमधली ‘मार्च एंड’ची धावपळ यातून येते. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको, अशी मर्यादा अर्थ मंत्रालयाने घातली आहे.

१७. अर्थसंकल्पात न दिसणारं कर्ज असतं का?

असतं. सरकारच्या खर्चासाठी एखाद्या महामंडळाने कर्ज काढलं तर ते तुटीत दिसत नाही. अन्नधान्य अनुदानाचं उदाहरण मोठं आहे. अनुदानाची पूर्ण रक्कम न देता भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जात होतं. २०२०-२१ च्या सुधारित अंदाजात सरकारने ते स्वतःच्या हिशोबात घेतलं. कोविडकाळातलं मोफत धान्य आणि ही जुनी थकबाकी मिळून अन्न अनुदान १.१६ लाख कोटींवरून ४.२३ लाख कोटींवर गेलं. आकडा फुगला, पण हिशोब खरा झाला. ते पाऊल योग्य होतं.

१८. रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. आता आमच्या मार्गाचा पैसा कुठे पाहायचा?

१९२४ पासून तो वेगळा होता. शेवटचा २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी मांडला. आता रेल्वे ही मुख्य अर्थसंकल्पातली एक मागणी आहे, पण मार्गवार तरतूद रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये मिळते. काही मंजूर मार्गांपुढे फक्त एक हजार रुपये लिहिलेले दिसतात. काम रद्द झालं नाही, नोंद जिवंत ठेवली आहे, असा त्याचा अर्थ. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी मार्गाने बीडला गाडी आणायला सप्टेंबर २०२५ उजाडलं, तेही राज्याने निम्मा खर्च उचलून.

१९. मराठी अर्थमंत्री कोण होऊन गेले?

चिंतामणराव देशमुख (१९५० ते १९५६), यशवंतराव चव्हाण आणि मधू दंडवते यांची नावं विचारणारे सांगतातच. देशमुखांनी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर राजीनामा दिला.

२०. पैसा खरंच तसाच खर्च झाला का, हे शेवटी कोण तपासतं?

नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. त्यांचे अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात. तिच्यात २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालेला आढळला तर समितीने तपासल्यावर तो ‘अधिक अनुदान’ म्हणून लोकसभेकडून नियमित करून घ्यावा लागतो, बऱ्याचदा काही वर्षांनी.

त्याआधीही पाहता येतं. २०२४-२५ चा प्रत्यक्ष खर्च २०२६-२७ च्या दस्तऐवजात पहिल्या रकान्यात येतो. प्रश्न ६ मधल्या ओळीवर परत जा आणि त्या २२,६९४ शेजारी प्रत्यक्षाचा आकडा लिहून ठेवा.